‘त्यानंतर’ की ‘त्यामुळे’? : रुग्णानुभव-लेखनातील कार्यकारणभाव

प्रत्येक वैद्याच्या अनुभवसंचितात काही रुग्ण असे असतात, की त्यांच्या चिकित्सेतून मिळालेला बोध इतर वैद्यांपर्यंत पोहोचावा असे त्याला मनापासून वाटते. तो पोहोचविण्याचे आपल्या हाती असलेले साधन म्हणजे रुग्णानुभवपर लेख. असे लेख आपल्याकडे विपुल लिहिले जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि त्यांपैकी अनेक लेख वाचून झाल्यावर वाचकाच्या हाती औषधांची एक यादी आणि ‘रुग्णास उत्तम उपशय मिळाला’ हे एक वाक्य, एवढेच उरते. कोणत्या हेतूने व्याधी उत्पन्न झाला, संप्राप्तीची कोणती कडी चिकित्सेने तोडली आणि मिळालेला उपशय त्या चिकित्सेचाच होता असे कशावरून म्हणावयाचे, हे तीन प्रश्न अनुत्तरित राहतात.

हा केवळ भाषासौष्ठवाचा विषय नाही. लेख वाचणारा वैद्य दुसऱ्या दिवशी आपल्या चिकित्सालयात त्याच योगाचा उपयोग करणार असतो. लेखातील ‘त्यामुळे’ हा शब्द चुकीच्या जागी पडला असेल, तर त्याचे मूल्य लेखक देत नाही; ते मूल्य लेखकाने कधीही न पाहिलेला एक रुग्ण देतो. म्हणूनच कार्यकारणभावाची मांडणी नेटकी कशी करावी, याचा थोडा ऊहापोह प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

लेखाचा कणा : निदानपंचक

कार्यकारणभाव मांडणाऱ्या निबंधाचा आराखडा आपल्याला बाहेरून आणावयाचा नाही. हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती हे निदानपंचक म्हणजे असा आराखडाच होय. त्यातील हेतू हे कारण, रूप हे कार्य आणि संप्राप्ती हा कारणापासून कार्यापर्यंतचा मार्ग. उपशय हा या मार्गाविषयी आपण केलेल्या अनुमानाची परीक्षा पाहणारा.

प्राचीनांनी कारणाकडे किती बारकाईने पाहिले होते, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. माधवनिदानावरील मधुकोश टीकेत विजयरक्षिताने हेतूचे सन्निकृष्ट, विप्रकृष्ट, व्यभिचारी आणि प्राधानिक असे चार भेद सांगितले आहेत. हेमंतात संचित झालेला कफ वसंतात व्याधी उत्पन्न करतो, तेव्हा कारण आणि कार्य यांत एका ऋतूचे अंतर असते. हा विप्रकृष्ट हेतू. व्यभिचारी हेतू दुर्बल असल्याने व्याधी उत्पन्न करू शकत नाही. दुसरे उदाहरण चरकाच्या निदानस्थानातील आठव्या अध्यायाचे. एक व्याधी दुसऱ्या व्याधीचा हेतू कसा होतो, हे सांगताना तेथे प्रतिश्यायातून कास व कासातून क्षय, प्लीहावृद्धीतून उदर व उदरातून शोथ अशा साखळ्या दिल्या आहेत. दुसऱ्याला जन्म देऊन काही व्याधी स्वतः शमतात आणि काही तसेच टिकून राहतात, हेही तेथे नमूद केले आहे.

इतका सूक्ष्म विचार परंपरेने आपल्या हाती दिला असता लेख लिहिताना मात्र ‘हेतू : दधिसेवन, जागरण, चिंता’ अशी एक ओळ लिहून आपण पुढे जातो. यांतील कोणता हेतू प्रधान, कोणता किती काळ आधीचा आणि कोणता केवळ व्यभिचारी, याचा उल्लेखही करीत नाही. प्रश्नपत्रिकेतील रिकामी जागा भरावी तशी ती ओळ भरली जाते.

एक नमुना

विवेचन सुलभ व्हावे म्हणून आम्ही एक परिच्छेद रचला आहे. तो कोणत्याही प्रत्यक्ष रुग्णाचा किंवा लेखकाचा नाही; परंतु त्याची धाटणी वाचकांस परिचयाची वाटेल.

“४२ वर्षीय स्त्री रुग्ण. हस्त-पाद संधिशूल, संधिशोथ, प्रातःकाळी जडता. दही व शिळे अन्न यांचे नित्य सेवन, रात्रपाळीची नोकरी. त्यामुळे वातप्रकोप होऊन संधिशूल झाला. व्याधिविनिश्चय आमवात. लंघन, वालुकास्वेद, रास्नासप्तक क्वाथ व सिंहनाद गुग्गुळ यांची योजना केली. त्यामुळे दोन महिन्यांत शोथ व शूल कमी झाले. म्हणून सिंहनाद गुग्गुळ हे आमवातावरील श्रेष्ठ औषध आहे असे सिद्ध होते.”

या परिच्छेदात व्याधिविनिश्चय चुकलेला नाही, चिकित्साक्रमही शास्त्राला सोडून नाही. दोष आहे तो तीन जोडशब्दांत. पहिला ‘त्यामुळे’ दधिसेवनापासून थेट वातप्रकोपावर उडी घेतो. अग्निमांद्य आणि आमोत्पत्ती या मधल्या पायऱ्या गाळल्याने निदान आमवाताचे आणि संप्राप्ती केवळ वातव्याधीची, अशी विसंगती निर्माण होते. दुसरा ‘त्यामुळे’ चार उपक्रमांकडे एकाच वेळी बोट दाखवितो. तिसरा जोडशब्द ‘म्हणून’ त्या चौघांपैकी एकालाच सर्व श्रेय देतो आणि एका रुग्णावरून सर्व रुग्णांविषयी सिद्धांत मांडतो. तीनही शब्द व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहेत, म्हणून वाचकाची नजर त्यांवरून सहज घसरते.

जोडशब्दांच्या तीन जाती

दोन वाक्यांना जोडणारा शब्द हा लहानसा दिसला तरी तो एक विधानच करीत असतो. मराठीतील असे शब्द आपल्या उपयोगापुरते तीन गटांत विभागता येतात.

पहिला गट कालवाचक शब्दांचा : त्यानंतर, पुढे, तदनंतर, या काळात, दरम्यान. हे शब्द केवळ क्रम सांगतात. रुग्णपत्रिकेत तारीख असली, की त्यांचा वापर करण्याचा अधिकार लेखकास प्राप्त होतो.

दुसरा गट कारक शब्दांचा : त्यामुळे, परिणामी, याचे पर्यवसान, याचा परिपाक म्हणून. एका घटनेने दुसरी घडविली, असे हे शब्द सांगतात. यासाठी तारीख पुरत नाही. ती घटना घडविण्याचा मार्ग, म्हणजे संप्राप्ती किंवा तिचे विघटन, दाखवावे लागते आणि इतर संभाव्य कारणांचा विचार केल्याचेही दाखवावे लागते.

तिसरा गट ज्ञापक शब्दांचा : यावरून, ज्याअर्थी–त्याअर्थी, अर्थात, असे अनुमान होते. येथे घटना घडत नाही, आपले ज्ञान घडते. अग्नी हा धुराचे कारक कारण आहे, तर धूर हा अग्नीच्या ज्ञानाचे ज्ञापक कारण. ‘जिह्वा साम आहे, त्यामुळे आम आहे’ असे लिहिणे म्हणजे धुरामुळे अग्नी पेटला असे म्हणण्यासारखे होय. ‘जिह्वा साम आहे, यावरून आमाचे अनुमान होते’ हे योग्य. ‘म्हणून’ या शब्दाबाबत विशेष सावध असावे, कारण मराठीत तो कारक आणि ज्ञापक अशी दोन्ही कामे करतो, शिवाय ‘आम होता म्हणून लंघन दिले’ यासारख्या वाक्यात वैद्याचा हेतूही सांगतो.

यांच्या जोडीला तथापि, असे असूनही, मात्र, अपवाद असा की, हे प्रतिकूल बाजू दाखविणारे शब्द येतात. ज्या लेखात ‘त्यामुळे’ दहा वेळा येते आणि ‘तथापि’ एकदाही येत नाही, तो लेख लेखकाने आपल्या अनुमानाला प्रश्न न विचारताच लिहिला असावा, अशी शंका वाचकाने घेतल्यास ती अनाठायी ठरणार नाही.

मधली कडी

तर्कातील फट शोधण्याचा एक सोपा उपाय आहे. परिच्छेद शेवटून सुरुवातीकडे वाचावा आणि प्रत्येक वाक्याला ‘हे कशामुळे?’ असे विचारावे. संधिशूल कशामुळे? साम वायू श्लेष्मस्थानी, म्हणजे संधींत, स्थानसंश्रय करून राहिल्यामुळे. आम कशामुळे? मंद अग्नीमुळे. अग्नी मंद कशामुळे? विरुद्धाहार व अकाली भोजनामुळे. उत्तर आधीच्याच वाक्यात मिळाले तर साखळी अखंड आहे. उत्तरासाठी लेखकाच्या मनात डोकवावे लागत असेल, तर तेथे एक वाक्य कमी आहे.

सुश्रुताने सूत्रस्थानात सांगितलेले संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद हे सहा क्रियाकाल याच कामी येतात. प्रत्येक लेखात सहाही टप्पे लिहावेत असे आमचे म्हणणे नाही. पण कोणता टप्पा लक्षणांवरून प्रत्यक्ष ओळखला आणि कोणता शास्त्रावरून गृहीत धरला, हे वेगळे दिसले पाहिजे.

वाक्यरचनेचीही येथे मदत होते. एका वाक्याच्या शेवटी आलेली गोष्ट पुढील वाक्याच्या आरंभी घ्यावी : ‘अकाली भोजनाने अग्नी मंद झाला. मंद अग्नीमुळे आहाररसाचा परिपाक नीट झाला नाही. अपक्व आहाररस म्हणजेच आम...’ अशी. तसेच ‘हे’, ‘ते’, ‘यामुळे’ अशा सर्वनामांच्या जागी शक्य तेथे नाम लिहावे. ‘यामुळे शोथ कमी झाला’ यापेक्षा ‘लंघन व स्वेद यांच्या योजनेनंतर शोथ कमी झाला’ हे वाक्य लांब असले, तरी वाचकाला चकवीत नाही.

काकतालीय न्याय आणि एक पंप

कावळा बसण्यास आणि फांदी तुटण्यास एकच गाठ पडली, तरी कावळ्याच्या भाराने फांदी तुटली असे होत नाही. हा मोह टाळण्यासाठी आपल्या तर्कपरंपरेने अन्वय आणि व्यतिरेक ही दोन साधने दिली आहेत : कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे. ही साधने लेखात कशी वापरावी, याचा एक उत्तम वस्तुपाठ आपल्या शास्त्राबाहेरचा आहे. तो १८५४ मध्ये लंडन शहरातील सोहो भागात आलेल्या विसूचिकेच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीचा.

जॉन स्नो या डॉक्टरांचा तर्क असा होता, की ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाचे पाणी हे या साथीचे कारण आहे. पंपाच्या आसपास मृत्यू अधिक झाले, एवढ्यावर ते थांबले नाहीत. कारण त्या भागातील हवा दूषित आहे असे म्हणणारा पक्षही तेवढ्याच आधारावर उभा होता. म्हणून त्यांनी अपवाद शोधले. पंपाजवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात ७० हून अधिक कामगार होते. त्यांच्यात कॉलऱ्याने एकही मृत्यू झाला नाही. त्यांना कारखान्यातच मद्य मिळत असे आणि तेथे स्वतःची विहीरही होती. जवळच्या अनाथगृहवजा आश्रमात ५३५ लोक राहत, त्यांपैकी ५ च दगावले. तेथेही पाण्याची स्वतंत्र सोय होती. हा व्यतिरेक. उलट दूर हॅम्पस्टेड येथे राहणारी एक वृद्ध विधवा कॉलऱ्याने मृत्यू पावली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडत असल्याने ते पाणी तिच्याकडे गाडीतून नेले जात असे. हा अन्वय. हवा दोन्हीकडची वेगळी आणि पाणी एकच, हे दाखविल्यानंतरच स्नो यांच्या ‘त्यामुळे’ या शब्दाला बळ आले.

८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ अशी कथा पुढे रूढ झाली. परंतु स्नो यांनी १८५५ च्या आपल्या ग्रंथात स्वतःच नमूद केले आहे, की लोक परिसर सोडून गेल्याने दांडा काढण्यापूर्वीच रुग्णसंख्या पुष्कळ घटली होती. साथ त्याच उपायाने थांबली असे निश्चित म्हणता येत नाही. आपल्या सिद्धांताला अनुकूल असा ‘त्यामुळे’ हाती आला असता त्यांनी तो नाकारला. त्यामुळे त्यांच्या सिद्धांताचे काहीच बिघडले नाही. उलट त्यांनी जे ठामपणे सांगितले, त्यावरचा वाचकाचा विश्वास वाढतो.

आपल्या चिकित्सालयातही हा प्रसंग नित्य येतो. प्रतिश्याय बहुधा काही दिवसांत आपोआप शमतो. आमवातासारख्या दीर्घकालीन व्याधीत वेग कधी वाढतो, कधी ओसरतो, आणि रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा वेग वाढलेला असताना. त्यानंतरच्या ओहोटीत काही वाटा व्याधिस्वभावाचा असू शकतो, हे लेखात मान्य केले पाहिजे.

उपशयाचा पुरावा

येथे एक आक्षेप संभवतो. चिकित्सेने मिळालेला उपशय हे निदानाचे साधन आपले शास्त्रच मानते. मग ‘आमपाचनाने बरे वाटले, यावरून आम होता’ असे लिहिण्यात दोष कोणता? ‘आम होता म्हणून आमपाचन दिले, आणि आमपाचनाने बरे वाटले म्हणून आम होता’ या दोन वाक्यांचे केवळ वर्तुळ होते, हा दोष आहे. चरकाने विमानस्थानात अहेतूंचा विचार केला आहे तो याचसाठी; जे सिद्ध करावयाचे तेच हेतू म्हणून पुढे केले, तर तो हेतू राहत नाही.

उपशय हा प्रमाण होतो तो दोन पक्ष समोर असताना. लक्षणे गूढ असतील तेव्हा उपशय-अनुपशयाने परीक्षा करावी, या शास्त्रादेशाचा आशय हाच आहे. ऊरुस्तंभात वाताची शंका घेऊन स्नेहन केले असता पीडा वाढते. त्यावरून वातव्याधीचा पक्ष मागे पडतो. येथे दोन शक्यता आधी मांडल्या गेल्या, त्यांची अपेक्षित फळे भिन्न होती आणि प्रत्यक्ष फळाने त्यांपैकी एकीचा निर्णय केला. लेखात हा क्रम असाच यावा : आधी शक्यता, मग प्रत्येकीची अपेक्षा, नंतर जे घडले ते. निकाल समजल्यावर शक्यता लिहिली, तर उपशयाचे प्रमाणत्व जाते. अनुपशयाचे रुग्णही प्रकाशित व्हावेत ते याच कारणाने. तेही व्यतिरेकाची सामग्री पुरवितात.

संयोगाचे श्रेय

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. आपली चिकित्सा आहार, विहार, शोधन आणि शमन यांची मिळून बनते. त्यातील एकेक घटक वेगळा काढणे शास्त्राच्या प्रकृतीस धरून नाही, असे म्हटले जाते. हे खरेच आहे. चरकाने आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती हे चौथे प्रमाण मानले, ते अनेक कारणांच्या संयोगातून होणारे कार्य जाणण्यासाठी. जल, कर्षण, बीज आणि ऋतू यांच्या संयोगाने धान्य येते, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे.

परंतु हे मान्य केले, तर धान्य आल्यावर केवळ बीजाचा गौरव करता येणार नाही. ‘सिंहनाद गुग्गुळ श्रेष्ठ ठरला’ हे वाक्य युक्तिप्रमाणाचाच भंग करते. संयोगाने कार्य झाले असेल, तर श्रेय संयोगास द्यावे आणि संयोगातील घटक कोणत्या क्रमाने व किती काळ योजिले, हे स्पष्ट लिहावे.

तोच परिच्छेद, पुन्हा

या सूत्रांनुसार आधीचा काल्पनिक परिच्छेद असा लिहिता येईल :

“सुमारे दोन वर्षे रात्रपाळीमुळे रुग्णेचे भोजन मध्यरात्रीनंतर होत असे आणि त्यात दही व शिळे अन्न नित्य असे. या काळात क्षुधामांद्य, अंगगौरव व मलबद्धता प्रथम दिसू लागली. यावरून अग्निमांद्य व आमोत्पत्ती यांचे अनुमान केले. त्यानंतर सहा महिन्यांनी हाताच्या लहान सांध्यांत शोथ, शूल आणि सकाळी दीड तास टिकणारी जडता सुरू झाली. केवळ वातज संधिशूल असल्यास तैलाभ्यंगाने उपशय अपेक्षित होता. तथापि अभ्यंगाने पीडा वाढली आणि रूक्ष स्वेदाने कमी झाली. त्याअर्थी साम वाताचा पक्ष बळकट ठरला. म्हणून पहिले सात दिवस लंघन, शुंठीसिद्ध जल व वालुकास्वेद यांचीच योजना केली. आठव्या दिवशी क्षुधा सुधारली होती व जडता एक तासावर आली होती. त्यानंतर रास्नासप्तक क्वाथ व सिंहनाद गुग्गुळ सुरू केले. दोन महिन्यांअखेर जडता वीस मिनिटांवर आली. पूर्वीचे वेदनाशामक औषध या संपूर्ण काळात त्याच मात्रेत चालू होते. मात्र तिसऱ्या आठवड्यात रुग्णेची रात्रपाळी बंद झाली. त्यामुळे नंतरच्या सुधारणेत निदानपरिवर्जनाचा वाटा किती आणि औषधांचा किती, हे या एका रुग्णावरून सांगता येत नाही. पहिल्या सप्ताहातील बदल गुग्गुळ सुरू होण्यापूर्वीचा आहे, एवढे निश्चित.”

परिच्छेद मोठा झाला आणि दावा लहान झाला. परंतु वाचणाऱ्या वैद्याला आता अधिक मिळाले आहे. पहिला परिच्छेद वाचून तो घाईच्या वेळी केवळ गुग्गुळाची वटी लिहून दिली असती आणि लंघन-स्वेद गाळले असते. दुसरा वाचून तो रुग्णेच्या जेवणाची वेळ विचारील.

आणखी एक सावधानता. ‘शूल कमी झाला, त्यामुळे व्याधी शमला’ असेही घाईने लिहू नये. आमवातसदृश सांध्यांच्या विकारात शूल उतरला असतानाही सांध्याची झीज पुढे चालू राहू शकते. शूल हे एक रूप आहे. शोथ, जडता, सांध्याची हालचाल, आवश्यक तेथे रक्ततपासणी व क्ष-किरण चित्र यांच्या नोंदीवाचून व्याधिशमनाचा दावा करणे रुग्णाच्या हिताचे नाही.

लेख पाठविण्यापूर्वी

लेख पूर्ण झाल्यावर तो एक दिवस बाजूला ठेवावा आणि मग लाल शाईने त्यातील प्रत्येक ‘त्यामुळे’, ‘म्हणून’ व ‘परिणामी’ अधोरेखित करावा. प्रत्येकाच्या जागी ‘त्यानंतर’ घालून पाहावे. वाक्याचा अर्थ तेवढाच राहिला आणि आपल्याजवळ त्याहून अधिक आधार नसेल, तर ‘त्यानंतर’ हाच शब्द ठेवावा. मग सोबतची इतर चिकित्सा, आहारविहारातील बदल, ऋतू आणि व्याधिस्वभाव या चारही शक्यतांचा उल्लेख झाला आहे का, ते पाहावे. २०१३ मध्ये रुग्णवृत्तांसाठी प्रसिद्ध झालेल्या ‘केअर’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही घटनांचा कालक्रम आणि अहवालाच्या मर्यादा स्पष्ट लिहिण्यावर भर आहे. तो क्रम आपल्या निदानपंचकाशी सहज जुळवून घेता येतो.

शेवटी हस्तलिखित एखाद्या सहव्यवसायी मित्राला द्यावे व एकच प्रश्न विचारावा : ‘हा लेख वाचून आपल्या पुढच्या रुग्णात आपण काय वेगळे कराल?’ त्याचे उत्तर आपल्या अपेक्षेहून निराळे आले, तर वाद न घालता कोणत्या वाक्याने त्याला तिकडे नेले ते शोधावे. बहुतेक वेळा ते वाक्य एखाद्या ‘म्हणून’ पाशी सापडेल.